पॉइंट टू-टूचा ग्रुप घट्ट करताना: आधी काडतूस, मग स्क्रू, बॅरल सगळ्यात शेवटी

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. शर्टाचं बटण साधारण एवढंच. पॉइंट टू-टूची, म्हणजे .२२ इंची रायफलीची, गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. तिची कड त्या वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा धरतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की १०.०, आणि तिथून आत सरकताना दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश वाढत १०.९ पर्यंत. दहातून नऊवर, नऊतून आठवर घसरायला प्रत्येक वेळी तेवढेच ८ मिलिमीटर पुरतात. पुढचा सगळा हिशेब या ८ मिलिमीटरभोवती फिरणार आहे.

इंदूरकरांना हा खेळ परका नाही. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे, राज्याची शूटिंग अकादमी भोपाळला आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) सांघिक सुवर्ण मिळालं, त्या संघात आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होते, कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे होते आणि तिसरे अखिल श्योराण. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कुसाळे यांनी पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिम्पिक कांस्य घेतलं. त्या पातळीवर रायफलीची जुळवणी हे रोजचं काम असतं. क्लबच्या पातळीवर मात्र ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, पसरायला लागला की पहिला विचार बॅरल बदलण्याचा येतो, आणि बहुतेक वेळा दोष बॅरलमध्ये नसतोच. तो काडतुसाच्या डब्यात असतो किंवा एका सैल स्क्रूमध्ये.

हा लेख ५० मीटरच्या बोल्ट-ॲक्शन मॅच रायफलीबद्दल आहे. दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. कुठलंही काम सुरू करताना बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं, आणि रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने दोन्ही पाहिलेलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. आणि शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. स्वच्छता, स्क्रूचा ताण, साइट (नेम धरायचं साधन), उत्पादकाने दिलेल्या ट्रिगरच्या सेटिंग्ज हे मालकाचं काम. बॅरल, चेंबर, सिअर (फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) या धातूच्या भागांना कानस किंवा लेथ लावणं हे परवानाधारक कारागिराचं काम.

रायफलीने किती फरक पडतो?

नेमबाजाचा स्वतःचा पसारा आणि रायफलीचा पसारा यांची साधी बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. नेमबाज स्वतः २० मिलिमीटरमध्ये धरत असेल आणि रायफल १५ ची असेल, तर टार्गेटवर दिसतो २५ चा ग्रुप. तीच रायफल बिघडून २० ची झाली तर २८. तीन मिलिमीटरचा हा फरक साठ गोळ्यांत नक्की जाणवतो. पण नवशिका जर ६० मिलिमीटरमध्ये धरत असेल, तर २० ची रायफल १५ ची केल्याने त्याचा ग्रुप ६३ वरून ६२ होतो. त्या मुलाला किंवा मुलीला जुळवणीची गरज नाही. जॅकेट, स्लिंग आणि रोजचा तासभर सराव लागतो. हे पालकांनी पैसे खर्च करण्याआधी समजून घ्यावं, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिलं आहे.

ज्यांचा स्वतःचा पसारा २५-३० च्या खाली आला आहे त्यांच्यासाठी पुढचं.

ट्रिगर सुटल्यावर गोळीला बॅरलच्या बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात बॅरल तारेसारखी थरथरत असते आणि रायफल मागे सरकू लागलेली असते. थरथर थांबवता येत नाही, आणि थांबवायचीही नसते. ती प्रत्येक गोळीला सारखीच व्हावी, गोळी दर वेळी त्याच क्षणी आणि त्याच वेगाने तोंडातून निघावी, एवढंच साधायचं असतं. स्क्रू, बेडिंग, फायरिंग पिन, वंगण यांतलं काय कशासाठी करायचं हे या एका गोष्टीवरून कळतं.

आधी मोजा

काहीही बदलण्याआधी आज रायफल काय करते आहे ते कागदावर हवं. पुढे एक आणि मागे एक अशा दोन वाळूच्या पिशव्या घ्या. पुढची पिशवी फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली) रोज त्याच जागी, बॅरलखाली कधीच नको. वेळ पहाटेची. मालवा पठारावर सकाळी आठ-साडेआठपर्यंत हवा बऱ्यापैकी पडलेली असते, नंतर वारा उठतो. बाजूने येणारा सेकंदाला एक मीटरचा वारा, म्हणजे गालाला जेमतेम कळणारी झुळूक, ५० मीटरवर गोळी साधारण ५ मिलिमीटर ढकलते. दुपारी केलेल्या टेस्टमध्ये तुम्ही रायफल मोजत नसता, वारा मोजत असता.

पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर कुठलाही निर्णय घेऊ नका. काहीही न बदलता त्याच रायफलीने, त्याच काडतुसाने पाच-पाच गोळ्यांचे दहा ग्रुप मारले, तर सगळ्यात मोठा ग्रुप सगळ्यात लहानच्या दुप्पट निघणं अगदी नेहमीचं आहे. त्यातला लहान फोनमध्ये ठेवायचा आणि मोठ्याला "चुकून गेली" म्हणायचं, ही सवय फार नुकसान करते. दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप मारा, सगळे मोजा, सरासरी काढा. मोजताना सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ५.६ वजा करा. आला तो मध्य ते मध्य ग्रुप. आणि हे लक्षात असू द्या की दहा गोळ्यांचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतोच. रायफल बिघडली म्हणून तो मोठा येत नाही, गोळ्या जास्त म्हणून येतो. मॅच रायफल आणि तिला जुळलेला काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनवलेला गट) असेल तर दहा गोळ्या १५ मिलिमीटरच्या आत येतात.

काडतूस: सगळ्यात जास्त फरक इथे

पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर आहे. पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे मोठ्या बोअरच्या नेमबाजांसारखं घरी दारू तोलून काडतूस भरता येत नाही. हातात फक्त निवड उरते. म्हणून लॉट-टेस्टिंग.

गोळी २.६ ग्रॅमची आणि मॅच काडतुसात तिचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डगमगते. आता वेगाचा हिशेब बघा. ५० मीटर जायला गोळीला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने १२ सेंटिमीटर खाली येते. एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने हळू असेल तर ती सुमारे ८ मिलिमीटर आणखी खाली पडते. म्हणजे नेम चोख, ट्रिगर चोख, आणि तरी एक पूर्ण वर्तुळ गेलं. स्वस्त सरावाच्या काडतुसात एवढा फरक सर्रास असतो. मॅच काडतुसाची जास्त किंमत मुख्यतः हा फरक कमी करण्यासाठी मोजावी लागते.

पण महागडं काडतूसही प्रत्येक बॅरलला पटतंच असं नाही. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटपैकी एक तुमच्या रायफलीत १४ मिलिमीटर देतो आणि दुसरा २२. शेजारच्या लेनवरच्या रायफलीत नेमकं उलटं. गोळीच्या घेरातला किंवा रिमच्या जाडीतला अगदी सूक्ष्म फरक एका चेंबरला जुळतो, दुसऱ्याला नाही. कोणता लॉट जुळेल हे आधी सांगता येत नाही, मारूनच बघावं लागतं. डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो. इली या ब्रिटिश कंपनीच्या वरच्या दर्जाच्या डब्यांवर वेगही असतो, तो फूट प्रति सेकंदात. १०५५ लिहिलं असेल तर ३२२ मीटरच्या जवळपास. तो आकडा नोंदवायचा, पण त्यावरून लॉट चांगला की वाईट ठरवायचं नाही.

एका लॉटच्या टेस्टला ५० चा एक डबा बरोबर पुरतो. पहिल्या १० गोळ्या ग्रुपमध्ये धरायच्याच नाहीत. प्रत्येक कंपनीच्या गोळीवरचं मेणासारखं वंगण वेगळं असतं, आणि बॅरलमध्ये आधीच्या वंगणाचा थर असतो. तो निघून नवा बसेपर्यंत ग्रुप भटकतो. उरलेल्या ४० गोळ्यांचे दहा-दहाचे चार ग्रुप. तीन लॉट असतील तर पहिल्या दिवशी क-ख-ग आणि दुसऱ्या दिवशी ग-ख-क असा क्रम ठेवा, म्हणजे वाढत्या उन्हाचा किंवा तुमच्या थकव्याचा दोष एकाच लॉटच्या माथी बसणार नाही. त्यासाठी अर्थात प्रत्येक लॉटचे दोन डबे लागतील. आपल्याकडे आयात दारूगोळा नेमबाजी संघटनेमार्फत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून येतो, आणि दहा लॉटमधून निवडण्याची चैन बहुतेकांना नसते. दोनच लॉट उपलब्ध असतील तरी टेस्ट करा. चांगला निघालेला स्पर्धेसाठी बाजूला ठेवा, दुसरा सरावाला.

इंदूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट जपावी लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबा दोन तास राहिला, तर गोळीवरचं वंगण मऊ होऊन डब्याच्या प्लास्टिकला लागतं. गोळ्या हातात घेतल्या की एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने कोरड्या दिसतात. असा डबा सरावात संपवून टाका. थर्माकोलच्या छोट्या पेटीत डबे ठेवून सीटखाली ठेवले की हे टळतं. थंडीत उलटं होतं: डिसेंबरच्या पहाटे वंगण कडक होतं आणि पहिल्या काही गोळ्या वर-खाली पडतात. डबा जॅकेटच्या खिशात ठेवून उबदार ठेवणारे अनुभवी नेमबाज रेंजवर दिसतात, त्यामागचं कारण हे.

दोन स्क्रू आणि टॉर्क रेंच

ॲक्शन (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा भाग) स्टॉकला (रायफलीच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या अंगाला) साधारणपणे दोन स्क्रूंनी धरलेली असते. हे स्क्रू अंदाजाने आवळलेले असणं हा क्लबच्या रायफलींतला सगळ्यात वारंवार सापडणारा दोष आहे. ॲलन की हातात घेऊन एक जण ३ न्यूटन-मीटरला थांबतो, दुसरा ८ पर्यंत पिळतो, आणि दोघांनाही वाटतं की "चांगला टाइट" केला.

गॅरेजमधला टॉर्क रेंच इथे चालत नाही, त्याची पट्टीच फार वरून सुरू होते. २ ते १० न्यूटन-मीटरचा लहान रेंच लागतो. महागड्या सायकलींची दुरुस्ती करणारे तसलेच वापरतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तिथून सुरुवात. मॅच रायफलींना तो बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान असतो, पण अंदाजावर जाऊ नका, पुस्तिका शोधा.

रायफल कुंदा खाली करून उभी धरा, म्हणजे ॲक्शन स्वतःच्या वजनाने मागे टेकून बसते. दोन्ही स्क्रू पूर्ण सैल करा, पेच कापडाने पुसून कोरडे करा. तेल लागलेला स्क्रू त्याच आकड्याला कोरड्यापेक्षा जास्त ताण देतो, म्हणून आज तेलकट आणि उद्या कोरडा असं होता कामा नये. आधी पुढचा स्क्रू हाताने टेकवा, मग मागचा. पुढचा २ ला, मागचा २ ला. मग पुढचा शेवटच्या आकड्याला, मागचा शेवटच्या आकड्याला. झालं की स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर जाणारी बारीक रेघ नेलपॉलिशने ओढा. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

यानंतर हवं असेल तर ट्यूनिंग. पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली एक न्यूटन-मीटरपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्याने वर या, प्रत्येक पायरीला दहाचे दोन ग्रुप, पुस्तिकेतली वरची मर्यादा ओलांडायची नाही. बेडिंग चांगलं असेल तर पायऱ्यांमध्ये फारसा फरक दिसत नाही. अर्ध्या न्यूटन-मीटरला ग्रुप १४ वरून २५ होत असेल, तर जादूचा आकडा शोधत बसू नका. बेडिंगमध्ये दोष आहे.

लाकडी स्टॉक असेल तर पावसाळा ध्यानात ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसलेलं लाकूड जुलैत ओलावा पिऊन फुगतं, ताण बदलतो, नेमाची जागा सरकते. जूनअखेर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा टॉर्क तपासायचाच. ॲल्युमिनियमच्या स्टॉकला ही काळजी नाही.

बेडिंग तपासणं

ॲक्शन आणि स्टॉक एकमेकांत कसे बसले आहेत, त्याला बेडिंग म्हणतात. टेबल चार पायांवर नीट उभं असेल तर वरून दाबल्यावर हलत नाही. एक पाय आखूड असेल तर दाबल्यावर बसतं आणि सोडल्यावर डुगडुगतं. स्क्रू आवळताना ॲक्शन वाकत असेल तर ती तशीच डुगडुगते. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ती थोडी वेगळ्या जागी बसते.

तपासायला डायल गेज आणि त्याचं लोहचुंबकाचं स्टँड लागतं. इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्या कुणाच्याही कपाटात ते असतं. गेज घरी आणा, रायफल तिकडे नेऊ नका. स्टँड बॅरलला चिकटवा, गेजची सुई फोरएंडच्या टोकावर टेकवून शून्यावर लावा, आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर बेडिंग उत्तम. ०.१ च्या वर गेला तर ॲक्शन ताणाखाली आहे. पुन्हा आवळा, मागचा स्क्रू सोडून तेच करा. गेज नसेल तर अंगठा आणि तर्जनी बॅरल व फोरएंडच्या फटीवर एकत्र ठेवून स्क्रू सैल करा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची हालचालही बोटाला स्पष्ट लागते.

बॅरल फोरएंडला कुठे टेकते का, हे पोस्टकार्डाने कळतं. कार्ड दोघांमधून ॲक्शनपर्यंत अडथळ्याशिवाय सरकलं पाहिजे. जिथे अडकेल तिथे बॅरल टेकते, आणि तापल्यावर ग्रुप हळूहळू एका दिशेला चालायला लागतो.

बेडिंग नव्याने करायचं तर स्टील पावडर मिसळलेलं इपॉक्सी वापरतात. काम कारागीरच करेल, पण काय बघायचं ते मालकाला माहीत हवं. ॲक्शनच्या सगळ्या धातूवर रिलीज मेणाचे दोन हात, स्क्रूची भोकं आणि खाचा मऊ मातीने बंद, रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकला देणाऱ्या ॲक्शनखालच्या ठोकळ्याच्या) पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या अंगाला टेपचा एक थर, म्हणजे फक्त मागचं अंग घट्ट टेकेल. इपॉक्सी दोन्ही भाग वजनाने तोलून. बेडिंग बसताना स्क्रू आवळायचे नाहीत, नुसते टेकवायचे; आवळले तर वाकलेल्या ॲक्शनचाच साचा तयार होतो आणि सगळी मेहनत वाया. हे काम मे महिन्यात करू नये. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण दुप्पट वेगाने घट्ट होतं. २५ अंशांना अर्धा तास हातात असेल तर ४० ला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. आणि मेणाचा हात कुठे राहून गेला, तर ॲक्शन स्टॉकमध्ये कायमची चिकटते.

बॅरलचं तोंड आणि आतली घाण

बॅरलच्या तोंडाशी जी कड असते, तिला क्राउन म्हणतात. गोळीचा धातूशी शेवटचा संबंध तिथे संपतो. कडेला एका बाजूने टवका असेल तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीचं बूड ढकलतो. तपासणी घरच्या घरी होते: कान साफ करायची कापसाची काडी बॅरलच्या तोंडात घाला आणि सगळीकडून हळूच बाहेर ओढा. कुठे कापसाचा तंतू अडकून राहिला तर तिथे ओरखडा आहे. शिवाय पन्नासेक गोळ्यांनंतर तोंडावर वंगणाची राखाडी नक्षी उमटते, फुलाच्या पाकळ्यांसारखी. पाकळ्या सगळीकडे सारख्या असल्या तर छान. एक पाकळी लांब, बाकीच्या आखूड दिसल्या तर क्राउन कारागिराला दाखवा. तोंडाकडून घातलेला सफाईचा गज हे क्राउन खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण, म्हणून सफाई कायम चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (गज मधोमध ठेवणारी नळी) लावून आणि आवरण असलेल्या गजाने.

किती वेळा साफ करावं यावर नेमबाजांची मतं जुळत नाहीत. एक गोष्ट मात्र पक्की: चेंबरच्या लगेच पुढे कार्बन, शिसं आणि मसाल्यातली काचपूड यांचं कडक कडं साचत जातं. रिमफायरच्या मसाल्यात बहुधा बारीक काच असते, घर्षणासाठी. कडं वाढलं की काडतूस आत सरकताना बोल्ट किंचित जड लागतो, आणि घट्ट ग्रुपच्या बाहेर कारण नसताना एखादी गोळी जाऊ लागते. तेव्हा चेंबरपुढचा भाग सॉल्व्हंटने ओला करून पंधरा मिनिटं ठेवायचा, ब्राँझचा ब्रश हलक्या हाताने काही वेळा फिरवायचा, मग फेल्टचे कोरडे तुकडे पांढरे निघेपर्यंत ओढायचे. स्टीलचा ब्रश नको. बॅरल अशी धुतली की पहिल्या १५-२० गोळ्या ग्रुपबाहेर जातात, वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत. स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल चकचकीत करणं म्हणूनच चुकीचं. सफाई दोन-तीन सराव आधी उरकावी.

ट्रिगर, फायरिंग पिन, साइट

५० मीटरच्या ट्रिगरला नियमात किमान वजन नाही, आणि बरेच नेमबाज १०० ते १५० ग्रॅमवर ठेवतात. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याला जास्त वजन आणि दुसऱ्याला थोडं ठेवलं तर थंडीत बधिर बोटालाही दोन टप्प्यांमधली भिंत नीट लागते. सिअरची पकड कमी करण्याचा मोह मात्र आवरा. ती फार कमी झाली की बोल्ट जोरात बंद केल्यावर पिन आपोआप सुटते. प्रत्येक सेटिंगनंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट दहा वेळा जोरात बंद करून आणि कुंद्यावर रबरी हातोडीने ठोकून बघा. पिन एकदा जरी सुटली तरी ते सेटिंग बाद. आणि कोरडी फायर (गोळीशिवाय ट्रिगरचा सराव) करताना डमी काडतूस घाला, नाहीतर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून तिला दाबते.

बोल्टमध्ये दाट तेल किंवा ग्रीस असेल तर हिवाळ्यात पिन मंदावते आणि मसाला अर्धवट पेटतो. उभा पसरलेला ग्रुप दिसतो आणि लोक काडतुसाला दोष देतात. पुंगळ्यांच्या काठावरचे ठसे सारख्या खोलीचे आहेत का ते भिंगाने बघा. एक खोल, एक उथळ असेल तर बोल्ट खोलून पुसा आणि अगदी पातळ तेल लावा. तरी फरक राहिला तर स्प्रिंग थकली आहे.

साइटचा ११ मिलिमीटरच्या पट्टीवरचा स्क्रू सैल होणं हे इतकं साधं कारण आहे की ते शेवटी आठवतं. क्लिक किती मिलिमीटरची हे पुस्तिकेपेक्षा मारून बघा: पाच गोळ्या, दहा क्लिक उजवीकडे, पाच गोळ्या, दहा क्लिक परत, पाच गोळ्या. तिसरा ग्रुप पहिल्यावर आला नाही तर डायप्टरच्या (मागच्या साइटच्या) पेचात ढिलाई आहे. आणि रायफल एक अंश तिरकी झाली की गोळी सुमारे दोन मिलिमीटर बाजूला जाते, तेव्हा स्पिरिट लेव्हल असेल तर ती नुसती लावू नका, बघा.

ग्रुपचा आकार काय सांगतो

उभा लांबट ग्रुप: वेगाचा फरक, पिन, किंवा फोरएंड पिशवीवर दर वेळी वेगळ्या जागी. आडवा: वारा, तिरकेपणा, नाहीतर ट्रिगर बाजूला ओढला जातो आहे. दोन वेगळे पुंजके, दोन्ही घट्ट: हा बहुतेक वेळा स्क्रू, बेडिंग किंवा साइट, काहीतरी दोन जागी बसतं आहे. आठ गोळ्या एकत्र आणि दोन दूर: लॉट किंवा चेंबरपुढचं कडं. सगळीकडे सारखाच गोल पण मोठा ग्रुप असेल, तर लॉट बदलून बघा. तीन-चार लॉटनंतरही तो गोल आणि मोठाच राहिला, स्क्रू आणि बेडिंग बरोबर असलं, क्राउन स्वच्छ असला, तेव्हा कुठे बॅरलकडे बोट दाखवायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टॉर्क आणि लॉट एकाच सकाळी बदलले आणि ग्रुप सुधारला, तर कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडल्यावर परत कुठे जायचं तेही कळत नाही. वहीत तारीख, वेळ, तापमान, लॉट नंबर, टॉर्क, शेवटच्या सफाईनंतर किती गोळ्या झाल्या आणि चारही ग्रुपचे आकडे, मोठा ग्रुपसुद्धा, लिहून ठेवा.

स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस रायफलीवर काहीही बदलायचं नाही. भोपाळला जाताना रायफल पेटीत फोमवर आडवी, बोल्ट वेगळा, डबे थर्माकोलच्या पेटीत. पोचल्यावर पेटी उघडली की सगळ्यात आधी दोन्ही स्क्रूंवरच्या नेलपॉलिशच्या रेघा बघा. अखंड असतील तर रेंचला हात लावू नका, साइटर गोळ्यांनी (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांनी) नेम तपासा आणि मॅचला लागा. तुटलेली असेल तर दोन्ही स्क्रू सोडून, कुंदा खाली टेकवून, पुन्हा त्याच क्रमाने त्याच आकड्याला आवळा, आणि पहिल्या दहा साइटर शांतपणे, एका मागोमाग एक, मारा.